मैलाच्या आतली शाळा

होळी जवळ आली की माझे पाय कवांटकडे वळतात. छोटा उदेपूर जिल्ह्यातील हे गाव बडोद्याहून मोटारीने अडीच-तीन तासांच्या वाटेवर आहे, आणि होळीनंतर तिसऱ्या दिवशी तेथे गेरचा मेळा भरतो. राठवा मंडळींचे मोठाले ढोल, पावा, नाचणाऱ्यांच्या कमरेच्या घुंगरांचा एकमेळ आवाज हे सारे ऐकण्यासाठी मी गेली काही वर्षे जात असतो. चार भिंतींत बसून मात्रा मोजावयास शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराने वर्षातून एकदा तरी तेथे जाऊन कान धुऊन यावेत, असे माझे मत आहे.

यंदा मी मेळ्याच्या चार दिवस आधीच गेलो. तेथील एका प्राथमिक शिक्षकांशी माझा परिचय आहे. त्यांच्या आग्रहावरून एक सकाळ त्यांच्या शाळेत घालविली. गावाचे आणि गृहस्थांचे नाव मुद्दामच देत नाही. ते सरकारी नोकर आहेत, आणि मी जे लिहिणार आहे त्याचा भार त्यांच्यावर पडू नये.

खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चावडी, देऊळ, पार आणि त्याभोवती दाटीने उभी असलेली घरे येतात. तिकडचे गाव तसे नसते. ज्याचे त्याचे घर आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर. दहा-वीस घरे मिळून एक फळिया, आणि असे विखुरलेले आठ-दहा फळिये मिळून सरकारी दप्तरात एक गाव. दोन फळियांच्या मधून कोतर गेलेले असते, म्हणजे पावसाच्या पाण्याने खोल कापलेली घळ. होळीच्या दिवसांत तिच्यात नुसती वाळू. आषाढात त्याच ठिकाणी मोठ्या माणसाच्या छातीइतके पाणी. गुरुजींची शाळा अशा एका फळियात आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, हातपंप, एक कडुनिंब. पटावर १७ मुले, इयत्ता पहिली ते पाचवी. प्रार्थनेला पेटी होती. तिचे तीन स्वर उठत नव्हते आणि भात्याला ठिगळ होते, तरी तिच्यावरच प्रार्थना झाली. मुले सुरात होती. हे सौजन्य म्हणून लिहीत नाही. सुरात नसती तर मी तो उल्लेख टाळला असता.

प्रार्थना संपल्यावर गुरुजी म्हणाले, "आमची शाळा यादीत आहे."

ही यादी कसली हे शहरातील वाचकांस सांगावयास हवे. ज्या शाळांचा पट ठराविक आकड्याखाली गेला आहे, अशा शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकावयाच्या, असे धोरण गेली दहा-बारा वर्षे देशातील अनेक राज्यांत चालू आहे. त्याला विलीनीकरण म्हणतात. खेड्यातील लोक नुसते 'मर्ज' म्हणतात. उर्दूत मर्ज म्हणजे दुखणे. पण तेथे ही कोटी करण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

आकडे पाहिले तर ही गोष्ट लहानसहान नाही. २०१४-१५ साली देशात ११ लाख ७ हजार १०१ सरकारी शाळा होत्या; २०२३-२४ साली त्या १० लाख १७ हजार ६६० राहिल्या. म्हणजे नऊ वर्षांत सुमारे ८९ हजार शाळा कमी झाल्या. राजस्थानने २०१४ साली एका फटक्यात सुमारे १७ हजार शाळा एकमेकींत मिळविल्या. आमच्या गुजरात विधानसभेत २०२२ च्या मार्च महिन्यात सरकारने सांगितले की, मागील दोन वर्षांत ८६ प्राथमिक शाळा बंद झाल्या आणि ४९१ दुसऱ्या शाळांत विलीन झाल्या. उत्तर प्रदेशात १६ जून २०२५ रोजी असाच हुकूम निघाला. सीतापूर जिल्ह्यातील ५१ मुलांच्या नावे अर्ज होऊन प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ७ जुलै रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. तथापि लोकांचा रोष एवढा झाला की, महिनाअखेरीस सरकारनेच जाहीर केले की एक किलोमीटरपेक्षा दूरच्या शाळेत मुलांस धाडले जाणार नाही व पन्नासांहून अधिक पटाच्या शाळा मिळविल्या जाणार नाहीत. न्यायालयात जे हरले ते काही अंशी गावच्या ओट्यावर जिंकले, असे म्हणता येईल.

महाराष्ट्राचे प्रकरण आपल्याला अधिक जवळचे. तेथे २०१७ च्या डिसेंबरात दहांपेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचे ठरले. पुढे २०२३ साली २० पर्यंत पट असलेल्या शाळांची मोजणी झाली. त्या १४,७८३ निघाल्या. त्यांत मुले १ लाख ८५ हजार ४६७ आणि शिक्षक २९ हजार ७०७. या लहान शाळांच्या जागी 'समूह शाळा' काढाव्यात अशी कल्पना निघाली, आणि पानशेत व तोरणमाळ येथील प्रयोगांचे दाखले देण्यात आले.

या आकड्यांचा भागाकार कोणीही करू शकतो. एका शाळेत सरासरी साडेबारा मुले. सहा मुलांमागे एक मास्तर. खजिना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या भुवया उंचावल्या तर त्याला दोष देता येत नाही. सहा मुलांना एक शिक्षक हे प्रमाण तर जुन्या गवयांच्या घरीसुद्धा क्वचित असे. तेव्हा "हा खर्च कशाला?" हा प्रश्न दुष्टपणाचा नाही. माझी तक्रार एवढीच आहे की, भागाकार करताना त्यात अंतर धरलेले नसते.

गुरुजींची शाळा ज्या मोठ्या शाळेत मिळवावयाची आहे ती नकाशावर अडीच किलोमीटरांवर आहे. मी ती वाट चालून पाहिली. उन्हाळ्यात, रिकाम्या हातांनी, पायांत बूट असताना मला पाऊण तास लागला. कारण कोतरात उतरून पुन्हा चढावे लागते. सहा वर्षांच्या मुलाला दप्तर घेऊन किती लागेल? आणि जुलैत, जेव्हा नवी पहिली नुकती सुरू झालेली असते, तेव्हा कोतर भरले असेल त्या दिवशी काय? डांबरी सडकेने गेले तर वळसा पडून अंतर दुपटीहून अधिक होते. कागदावरचे अंतर आणि पायाखालचे अंतर यांत एवढी तफावत असते, आणि निर्णय मात्र कागदावरच्या अंतराने होतात.

कायदा याबाबतीत मुका नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत, असे म्हटले आहे. जेथे डोंगर, पूर, रस्त्याचा अभाव असा धोका असेल तेथे त्याचा विचार करून शाळेची जागा ठरवावी, असेही आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना कोतर ठाऊक होते. ते विसरण्याचे काम पुढे झाले.

हातपंपाशी एक बाई पाणी भरीत होत्या. त्यांची मोठी मुलगी चौथीत आहे. दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन ती शाळेत येते, त्याला ओट्यावर बसविते आणि स्वतः आत बसते. गुरुजी चालवून घेतात. निरीक्षण करणारे आले की तेही काणाडोळा करतात. बाई म्हणाल्या, "साहेब, शाळा पलीकडे गेली तर धाकटा तेवढे चालणार नाही. तो घरी राहील. आणि तो घरी राहिला तर त्याच्यापाशी कोण राहील?" उत्तर त्यांनी दिले नाही, मीही दिले नाही. मुलगी शेजारीच उभी होती.

मोठ्या शाळेत सुसज्ज वर्ग असतील, संगणक असेल, विषयवार शिक्षक असतील. पण ही मुलगी तेथे पोचणारच नाही. पटावर तिचे नाव काही महिने राहील. मग ते कमी होईल आणि त्या कमी झालेल्या आकड्याचे कारण कोणत्याच रकान्यात लिहिलेले नसेल. शाळा बंद झाल्याने मुली घरी बसल्या, अशी नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही; नोंद होते ती "स्थलांतर" किंवा "अनियमित" अशी. स्थलांतर खोटे नाही. दिवाळीनंतर त्या भागातील कुटुंबेच्या कुटुंबे सौराष्ट्रात आणि बडोदे-सुरतेकडे बांधकामाला व मजुरीला निघतात, ती होळीला परततात. तुमच्या-माझ्या शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींच्या पायाशी वाळूत खेळणारी मुले याच शाळांच्या पटावरची असतात. मुलाला आजीपाशी ठेवून जावे की बरोबर न्यावे, हे आईबाप ठरवितात तेव्हा शाळा हाकेच्या अंतरावर आहे की कोतराच्या पलीकडे, याचा त्यात मोठा वाटा असतो, असे गुरुजींचे म्हणणे. मला ते पटले.

आता हे सारे बडोद्याच्या मराठी वर्तमानपत्रात का लिहावे, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्या शहराच्या इतिहासातच आहे, आणि तो आपल्याला घरच्या गोष्टीसारखा ठाऊक आहे. नाशिकजवळच्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून येथे आला, तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. कवळाण्यात शाळा असती तर गोपाळराव अधिक लवकर शिकले असते की नाही, सांगता येत नाही. परंतु सयाजीराव महाराजांनी पुढे जे केले त्याच्या मागे तो खेड्यातला निरक्षर मुलगा उभा होता, असे मला नेहमी वाटत आले आहे. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यातील निवडक गावांत सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. तेरा वर्षे तो प्रयोग पाहिला, तपासला आणि १९०६ साली सर्व राज्यास लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असे काही नव्हते. १६ मार्च १९११ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांनी पुढे ठेवले. पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक पडले. त्या विधेयकातील एक कलम मला आज फार मोलाचे वाटते. घरापासून एका मैलाच्या आत शाळा नसेल तर पालकावर सक्ती करता येणार नाही, असे त्यात होते. म्हणजे आधी सरकारने आपली शाळा मैलाच्या आत आणावी, मग पालकाला जाब विचारावा. शंभराहून अधिक वर्षांनी आपण एक किलोमीटर म्हणतो, म्हणजे मैलाहूनही कमी, आणि तोच मोडतो.

त्या काळाची आरती ओवाळण्याचा माझा विचार नाही. बडोदे राज्यातही सक्तीचा दंड शेवटी गरिबालाच बसे, आणि दंड भरूनही मूल शेतावर पाठविणारे पालक होतेच. पण विचाराची दिशा अशी होती की, मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळा मुलापर्यंत जावी. पुस्तकांबाबतही तेच. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे खाते उभारले गेले, तेव्हा पुस्तके लाकडी पेट्यांत भरून खेडोपाडी फिरविली गेली. वाचकाने बडोद्याला यावे अशी अट कोणी घातली नाही.

आणि हे करणारे कोण होते? आपल्यापैकी कित्येकांच्या घरी भिंतीवर पगडीतल्या पणजोबांची तसबीर आहे. कोणी वहिवाटदार, कोणी शाळाखात्यात कारकून, कोणी बैलगाडीतून गावोगाव हिंडणारे परीक्षक, कोणी साधे मास्तर. आपली घरे या शहरात ज्या पगारांवर उभी राहिली, त्यांतले बरेचसे खेड्यातील शाळांच्या दप्तरावर सही करून मिळालेले होते. तेव्हा या प्रश्नात आपण पाहुणे नाही.

लहान शाळेत शिक्षण बरे होत नाही, असे एक मत आहे, आणि ते नुसते हिशेबनिसांचे नाही. शिक्षणाची कळकळ असणारेही तसे म्हणतात. एका खोलीत तीन इयत्ता, एक मास्तर, मुलाला बरोबरीचे सोबती नाहीत. यावर मला माझ्या धंद्याच्या अनुभवातून थोडे बोलावयाचे आहे.

माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत कारखान्यात अगदी शेवटच्या वर्षांत लागले. १ मे १९४९ रोजी राज्य विलीन झाले (हाही एक 'मर्ज'च) आणि नोकरी गेली. मग त्यांनी घरीच शिकवण्या धरल्या. माझा जन्म त्यांच्या उतारवयातला, तेव्हा दरबार मी पाहिला नाही. पण ती तालमीची खोली पाहिली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत नवशिका पोरगा सा लावीत बसलेला असे, त्याच्या शेजारी कोणी पलटे घोटणारा, आणि कोपऱ्यात दहा वर्षे शिकलेला एखादा शिष्य विलंबित ख्याल मांडीत असे. वडील एकाला हाताने, एकाला डोळ्याने आणि एकाला आवाजाने शिकवीत. नवशिक्याच्या कानांवर तो ख्याल पडत राही. दोन वर्षांनी त्याची पाळी येई तेव्हा अर्धे काम झालेले असे. मोठ्यांनी धाकट्यांचा सूर तपासावयाचा हा नियमच होता, आणि तपासताना मोठ्याचाच सूर पक्का होई. आज मी शाळेत घंटेच्या ठोक्याने चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग घेतो. सगळी एका इयत्तेची, एका वयाची. प्रामाणिकपणे सांगतो, त्या खोलीत जेवढे गाणे शिकले जाई तेवढे या वर्गात शिकले जात नाही.

गुरुजींच्या शाळेत मला ती खोलीच पुन्हा दिसली. पाचवीची दोन मुले पहिलीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेत होती. गुरुजी मध्येच त्यांच्या राठवी बोलीत काही सांगत आणि मग तेच गुजराती शब्दात फळ्यावर लिहीत. ते मूळचे त्या भागातले नाहीत. बोली त्यांनी अकरा वर्षांत मुलांकडूनच उचलली. मोठ्या शाळेत या बोलीला हसतील, अशी त्यांना धास्ती आहे. परप्रांतात चार पिढ्या राहिलेल्या आपल्याला ही धास्ती समजावून सांगावयास नको. घरातले मराठी बोलणे शाळेच्या दारात गिळून टाकणारी मुले आपण पाहिली आहेत, आपणही त्यांतलेच.

तरी लहान शाळा म्हणजे चांगली शाळा, असे मी म्हणणार नाही. वडिलांच्या खोलीत वडील रोज असत, ही गोष्ट विसरता येत नाही. २०२४-२५ च्या सरकारी मोजणीप्रमाणे देशात १ लाख ४ हजार १२५ शाळा एकशिक्षकी आहेत आणि त्यांत सुमारे ३३ लाख ७६ हजार मुले शिकतात. तो एक शिक्षक तालुक्याला बैठकीस गेला, मतदारयादीच्या कामाला लागला किंवा आजारी पडला की त्या दिवशी शाळा नसते. साठांपर्यंत पट असला तरी दोन शिक्षक असावेत, असे तोच २००९ चा कायदा सांगतो. ही अट न पाळता शाळा कंगाल होऊ द्यावयाची आणि मग ती कंगाल आहे म्हणून बंद करावयाची, ही चाल बरी नाही. माणूस जेवूखाऊ न घालता बारीक झाला म्हणून त्याला घराबाहेर काढण्यासारखेच हे झाले. दुसरी बाजूही नोंदवितो. त्याच मोजणीत ७,९९३ शाळा अशा आहेत की त्यांत एकही मूल नाही. त्या बंद केल्यास माझी हरकत नाही, कोणाचीच नसावी. कोठे दोन शाळा एकाच आवारात असतील, कोठे खरोखरच सपाट सडकेवर अर्ध्या मैलात दुसरी चांगली शाळा असेल, तर तेथेही भांडण्यात अर्थ नाही. तीन मुलांच्या वर्गात खेळावयासही गडी मिळत नाही, हे खरे आहे.

येथे एक कबुली दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझी स्वतःची मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. आपल्या शहरातील मराठी शाळांचे वर्ग रोडावले ते सरकारने हुकूम काढला म्हणून नव्हे. तुम्ही-आम्ही आपली मुले काढून घेतली म्हणून. गोव्यात १९६१ च्या मुक्तीनंतर बांदोडकरांच्या काळात गावोगाव ज्या मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतील कित्येक पटाअभावी मिटल्या, तेथेही हेच झाले. खेड्यांतही ज्याच्यापाशी दोन पैसे आहेत त्याच्या दाराशी खाजगी शाळेची पिवळी गाडी येते. म्हणून पट घसरतो हे खरेच आहे. पण मग मागे राहतात ती कोणाची मुले, हे पाहावे. ज्यांना गाडीचे भाडे परवडत नाही त्यांची. आणि घरात एकाच मुलाचे भाडे परवडत असेल तर मुलाला गाडी मिळते, मुलीला सरकारी शाळा. कमी पटाच्या शाळेतील तो लहानसा आकडा म्हणजे ज्यांना दुसरे दार नाही त्यांची यादी असते. मला निवडीची सोय होती. मी निवडले, चुकलो असेन. त्या हातपंपाशी उभ्या असलेल्या मुलीला ती सोय नाही.

शाळा गेली म्हणजे गावातून काय काय जाते, तेही थोडे सांगतो. त्या फळियात पक्की इमारत तेवढी एकच. मतदान तेथे, लसीकरण तेथे, पुरात घर गळू लागले तर रात्र काढावयास तेथे. मध्यान्ह भोजन रांधणाऱ्या दोन बायांची मिळकत तेथली. संध्याकाळी ओट्यावर भजनाला माणसे बसतात ती त्याच पेटीवर. गावात बाहेरचा शिकलेला माणूस रोज येतो तो एकच, आणि कोणाचे टपाल, कोणाचा अर्ज, कोणाचे आधारकार्ड त्याच्याकडूनच वाचून घेतले जाते. या गोष्टींचा शाळेच्या पटाशी संबंध नाही, हे मान्य. पण कुलूप लागते ते या सगळ्यांनाच लागते.

आमच्याकडे २००३ पासून दर जूनमध्ये शाळा प्रवेशोत्सव होतो. मंत्री, अधिकारी खेड्यांत जातात, लहान मुलांना हातास धरून शाळेत बसवितात. तो उपक्रम चांगला आहे आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे. माझी सूचना एवढीच की, जी शाळा यादीत आहे तेथे या वर्षी अधिकाऱ्यांनी जूनऐवजी जुलैच्या मध्यावर जावे, सकाळी सातला फळियात पोचावे आणि मुलांबरोबर नव्या शाळेपर्यंत पायी चालत जावे. मोटार पलीकडच्या शाळेपाशी उभी करावी. एकदा एवढे झाले की उरलेला वाद फार थोडा राहील.

दुसरे, विचारावयाचे तर गावाला विचारावे. छोटा उदेपूरचा तो भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रांसाठी १९९६ साली संसदेने पंचायतींचा स्वतंत्र कायदा केला. त्यात सामाजिक क्षेत्रातील संस्था व तेथील कर्मचारी यांवर देखरेखीचे अधिकार ग्रामसभा व पंचायतीकडे असावेत असे म्हटले आहे. प्राथमिक शाळेहून अधिक सामाजिक अशी कोणती संस्था त्या फळियात आहे? यादी तालुक्यास तयार होते आणि गावाला ती दुसऱ्या कोणाकडून कळते, हे त्या कायद्याशी जुळत नाही. गाडी देऊ म्हणत असतील तर आधी गाडी सुरू करावी आणि एक पावसाळा चालवून दाखवावी. शाळेचे कुलूप मागाहून. आणि ज्या शाळा मिळविल्या गेल्या त्यांच्या पटावरील प्रत्येक मुलाचे, विशेषतः प्रत्येक मुलीचे, दोन वर्षांनी काय झाले ते नावनिशीवार प्रसिद्ध करावे. ४९१ शाळांची मुले शोधणे ज्या सरकारला निवडणुकीची अचूक यादी करता येते त्याला अवघड नाही.

आपल्याकडून काय होण्यासारखे आहे? आपल्या मंडळांत, वाचनालयांत, गणेशोत्सवांच्या कार्यक्रमांत महाराजांच्या शिक्षणप्रेमाची व्याख्याने दरवर्षी होतात. त्यांतील एखाद्या वर्षी वक्त्याऐवजी अशा एखाद्या शाळेतील गुरुजींना बोलवावे आणि तासभर ऐकावे. निवृत्त शिक्षकांची आपल्यात वाण नाही. महिन्यातून दोन दिवस कोणी एकशिक्षकी शाळेत जाऊन बसले, तर मास्तर तालुक्याला गेल्या दिवशी शाळा उघडी राहील. ज्यांना कायदा कळतो त्यांनी ग्रामसभेचा ठराव कसा लिहावयाचा ते सांगावे. मला यांतले काही येत नाही, तेव्हा मी मला येते ते करीत आहे.

ती पेटी मी येताना बरोबर आणली. तीन पात्यांपैकी दोन बदलावी लागली, भाता नवा केला, आणि वरच्या सप्तकातला एक स्वर थोडा चढलेला होता तो उतरवून घेतला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी संपते तेव्हा ती पोचवावयाची आहे. गुरुजींना पत्र लिहून विचारले आहे की कोणत्या शाळेत आणू. त्यांनी कळविले की यादीवर अजून हुकूम झालेला नाही. तूर्त येथेच आणा.